अम्मींना कोण विचारणार

लखनौमध्ये मी नऊ वर्षं नोकरी केली आणि त्या नऊ वर्षांत कुणी एकदाही मला तोंडावर उद्धट म्हटलं नाही. म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. मी भंडाऱ्याकडचा माणूस. आमच्याकडे मनात आलं की बोलून मोकळं व्हायचं असतं, आणि त्यात माझं हिंदी नागपुरी. मी 'मेरेको' म्हटलं की माझ्या मित्राच्या कपाळावर एक बारीक आठी यायची, पण सहा वर्षांच्या मैत्रीत त्याने मला कधी सुधारलं नाही. तो आमच्या सरकारी कंपनीच्या हिंदी विभागात अनुवादक होता आणि मी देखभाल विभागात. मी त्याला पहिल्या महिन्यातच 'तू' म्हणायला लागलो. तो मला शेवटपर्यंत 'आप'च म्हणत राहिला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या एका हिवाळ्यातली. कॅन्टीनमध्ये चहा पिताना तो सहज बोलून गेला की महिनाअखेरच्या रविवारी घरी कबाडी, म्हणजे भंगारवाला, येणार आहे. बहिणीचं कुटुंब लखनौला परत येत होतं, त्यांच्यासाठी वर दोन खोल्या काढायच्या होत्या आणि गॅरेज पाडून तिथून जिना न्यायचा होता. गॅरेजमध्ये त्याच्या वडिलांची जुनी विलायती गाडी होती. चौदा वर्षं ती जागची हलली नव्हती.

निशातगंजमध्ये आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. सहा वर्षं मी त्याच्या घरी येत-जात होतो, त्याच्या अम्मींच्या हातचं खात होतो, आणि अंगणाच्या टोकाला त्या हिरव्या दाराआड गाडी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, लाकूडफाटा असेल. मला रागच आला. मी विचारलं, बिघडलंय काय? तो म्हणाला, माहीत नाही. मेकॅनिकला दाखवलीस? नाही. बॉनेट तरी उघडलंस? त्याने कप खाली ठेवला, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "यार, वो गाड़ी मेरे हाथों मरी है."

मग सगळं बाहेर आलं. त्याचे अब्बा छावनीतल्या एका वर्कशॉपमध्ये हेडक्लार्क होते. तिथला एक अधिकारी बदलून जाताना त्याच्याकडून त्यांनी ती गाडी घेतली होती, आणि तिला ते स्वतःच्या हाताने पुसत. मुलाला हात लावू देत नसत. तो एकोणीस वर्षांचा असताना एका दुपारी अब्बा झोपलेले पाहून त्याने गाडी बाहेर काढली आणि शहराबाहेर थेट बख्शी का तालाबपर्यंत नेली. तिथे पेरूच्या बागेपाशी थांबला, पेरू घेतले आणि परत फिरला. येताना रस्त्यातच इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफ यायला लागली, पाणी उकळून बाहेर पडलं, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत इंजिन आतून ठकठक वाजत होतं. त्याने गाडी तशीच गॅरेजमध्ये लावली. अब्बांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यानेही नाही. पुढच्याच महिन्यात अब्बा हृदयविकाराने गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्याने एकदा गुपचूप हँडल मारून पाहिलं. गाडी नुसतं हूं की चूं करेना. त्या दिवशी त्याने गॅरेजला कडी घातली.

मी म्हणालो, अम्मींना सांगितलंस का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अम्मींना नाचायला सांगितलं. कबाडीला गाडी द्यायची म्हणून विचारलं तेव्हाही अम्मी एवढंच म्हणाल्या होत्या, जैसा तुम ठीक समझो. त्या घरात सगळे एकमेकांना इतके जपत की कुणाला कशाचा पत्ता लागत नसे.

आता माझ्याबद्दल थोडं. माझे वडील वनखात्यात जीपवर ड्रायव्हर होते. माझं सगळं बालपण त्या जीपखाली पाने-पकडी हातात देण्यात गेलं. कार्ब्युरेटर मला दहाव्या वर्षी खोलता येत होता. पण बाबांनी मला स्टिअरिंगला मात्र कधी बसू दिलं नाही. ड्रायव्हरचा मुलगा ड्रायव्हर होता कामा नये, खुर्चीत बसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे मला इंजिन सगळं कळायचं आणि गाडी चालवता यायची नाही. पहिल्या रविवारी मी जुनी पँट घालून निघालो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, स्वतःला चालवता येत नाही अन् दुसऱ्याची सुरू करायला चालले. अच्छा, येताना सब्जी तरी घेऊन या." मी सब्जी आणायची विसरलो, ती गोष्ट वेगळी.

गॅरेज उघडलं तेव्हा मी खरं तर हरखलो. धुळीखाली गर्द निळ्या रंगाची, गोल बॉनेटची, बुटकी गाडी उभी होती. चारही टायर बसलेले. दोन दारांच्या मधल्या खांबात इशारा द्यायचा हात, म्हणजे वळताना बटण फिरवलं की तो बाहेर यायचा, त्यात पिवळा दिवा. मागच्या सीटच्या कापसात उंदरांच्या कितीतरी पिढ्या नांदून गेल्या होत्या. मित्र दारातच उभा राहिला, आत येईना. मी बॉनेट उघडलं आणि त्याला हाताला धरून आत ओढलं.

पहिल्या रविवारी वाईटच बातमी होती. हँडल घालून फिरवलं तर इंजिन हलेना. मित्राचा चेहरा पडला, त्याला जे ठाऊक होतं तेच निघालं. मी त्याला म्हटलं, चौदा वर्षं तू एका जागी बसलास तर तूही हलणार नाहीस. चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि आठवडाभर मुरू दिलं. इतर सगळं पाहून घेतलं. त्यात एक गोष्ट मला खटकली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा कडक होऊन तडकला होता, पण त्याच्यावरची छापील अक्षरं जशीच्या तशी होती. म्हणजे तो पट्टा बसवल्यावर फिरलाच नव्हता. मी तेव्हा ते बोललो नाही, कारण मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

दुपारी अम्मी गॅरेजच्या दाराशी आल्या. पांढरा दुपट्टा, जाड भिंगाचा चष्मा. गाडीकडे एकदा पाहिलं, आमच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि हात धुऊन पान खायला या म्हणाल्या. अंगणात उन्हात तख्तावर त्या पितळी पानदान उघडून बसल्या. त्यात कात, चुना, सुपारी, वेलदोडे यांच्या झाकणाच्या डब्या होत्या. त्यांनी पान लावून दिलं. गाडीबद्दल एक प्रश्न नाही. थंडी यंदा जास्त आहे, मटार चांगला आलाय, एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या रविवारी मी हँडलला जोर लावला आणि इंजिन तसूभर हललं. मग अर्धा फेरा. मग पूर्ण. मी मित्राला हँडल दिलं आणि बाबांनी मला शिकवलं होतं तसं बजावलं की अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, नाहीतर उलटा झटका बसला की मनगट मोडेल. त्याने फिरवलं. इंजिन सुळकन फिरलं, आतून कुठलाही खडखडाट नाही. तो फिरवतच राहिला, थांबेना. "चल रहा है," तो म्हणाला. मी म्हटलं, अरे नुसतं फिरतंय, चालायचं अजून लांब आहे. पण तो हसत होता, आणि त्याला इतकं मोकळं हसताना मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर आम्हाला चेव चढला. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तास-दीड तास तिथेच. टाकी उतरवून रॉकेलने धुतली, आतून चिकट गूळ निघावा तसं जुनं पेट्रोल निघालं. कार्ब्युरेटर मी आमच्या घरी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर खोलला आणि बायकोची बोलणी खाल्ली. ब्रेकचे वॉशर आणि चारही टायर गल्लीतल्या मिस्त्रीने बदलून दिले. मित्र शब्दांचा माणूस, पण हात लावेल तिथे इतकं नीट काम करायचा की मला लाज वाटावी. काढलेला प्रत्येक स्क्रू तो कागदात गुंडाळून वर सुंदर अक्षरात लिहून ठेवत असे.

तिसऱ्या रविवारी भाड्याची बॅटरी जोडली, नवा पट्टा घातला, पेट्रोल भरलं आणि हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. चाळीस-पन्नास वेळा मारून दोघांचे खांदे भरून आले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की करंटच येत नाहीये. खरं तर हे आधी बघायला हवं होतं, पण पेट्रोलच्या नादात ते राहून गेलं. मी डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढली आणि आत पाहिलं. आत मधोमध दांडी होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

त्या दांडीवर रोटर बसतो. बोटाच्या पेराएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी. तो गोल फिरून प्रत्येक प्लगला आपापल्या वेळी करंट वाटतो. तो नसेल तर जगातली कुठलीही गाडी सुरू होत नाही. आणि तो आपोआप कधी पडत नाही, टोपी उघडून हाताने उपसावा लागतो. मी गॅरेजच्या फरशीवर बसकण मारली आणि हसायला लागलो. आमच्या बाबांची रोजची रीत होती ती. संध्याकाळी जीप दारात लावली की रोटर काढून शर्टाच्या खिशात, म्हणजे साहेबाच्या जीपला दुसरं कुणी हात लावू शकत नसे. आईने तो किती वेळा शर्टाबरोबर धुतला असेल. वर्कशॉपमध्ये, छावनीत, सगळे जुने लोक हेच करत.

"तुझी गाडी मेलेली नाही," मी त्याला म्हणालो. "तिला कुलूप घातलंय. तुझ्या अब्बांनी."

मग पट्ट्याचा अर्थही लागला. त्या दुपारी गाडी तापली ती पट्टा तुटला किंवा सैल झाला म्हणून. अब्बांनी मागाहून नवा पट्टा बसवला होता, पाणी भरलं होतं, सगळं ठीकठाक केलं होतं आणि मग रोटर काढून घेतला होता. मित्राने तो जुना, तडकलेला पट्टा उचलून हातात घेतला. तो म्हणाला, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी म्हटलं, अर्थातच. त्याचे डोळे भरून आले आणि माझेही, आणि आम्ही दोघेही भलतीकडे बघत राहिलो.

पण रोटर कुठे होता? आठवडाभर आम्ही बाजार पालथा घातला. जुन्या पार्ट्सच्या दुकानांत नवे रोटर ढिगाने होते, पण त्या जुन्या दांडीवर एकही बसेना. अब्बांची कपाटं, अचकनचे खिसे, पेटीतली कागदपत्रं, सगळं मित्राने अम्मींना कळू न देता धुंडाळलं. शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी कबाडी यायचा होता. मी म्हटलं, अम्मींना विचार. तो म्हणाला, कसं विचारू? विचारायचं म्हणजे त्या दुपारचं सगळं सांगायचं, आणि अब्बांची आठवण निघाली की अम्मींना त्रास होतो. म्हणून तर चौदा वर्षं या घरात गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. मी विचारलं, कुणी ठरवलंय?

रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा कबाडी आपली हातगाडी आणि दोन माणसं घेऊन गल्लीत उभा होता, आणि माझा मित्र त्याला चहा पाजत होता. माझा पाराच चढला. मी तडक अंगणात गेलो. अम्मी तख्तावर बसल्या होत्या. मी हात जोडले आणि माझ्या त्या दिव्य हिंदीत विचारलं, "अम्मी, गाडी का एक छोटा पुर्जा मेरेको मिल नहीं रहा. आपने कहीं देखा क्या?"

अम्मींनी चष्मा वर केला. त्यांनी पानदान पुढे ओढलं, वेलदोड्यांच्या शेजारची एक डबी उघडली आणि माझ्यासमोर धरली. रोटर त्यात होता. स्वच्छ, पुसलेला. गेले तीन रविवार मी त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसून पान चघळत होतो.

मी हात पुढे केला तशी त्यांनी डबी मागे घेतली. म्हणाल्या, तुम्हाला नाही देता येणार, बेटा. मग त्यांनी सांगितलं. मुलाने गाडी नेली हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, कारण त्याने पेरू आणले ते गाडी पुसायच्या फडक्यात बांधून, आणि वर बाजारातून आणले म्हणाला. ते पेरू अब्बांनीही खाल्ले आणि गोड आहेत म्हणाले. चार दिवसांनी त्यांनी गाडी दुरुस्त केली आणि हा तुकडा अम्मींच्या हातात दिला. "कहा था, लड़का माँगे तो दे देना। बिना माँगे मत देना।" मुलगा येईल, चूक कबूल करेल, गाडी मागेल, मग त्याला रीतसर शिकवायची, असा त्यांचा बेत होता. पण ते गेले, आणि मुलाने कधी मागितलंच नाही. अम्मींना वाटलं, अब्बांच्या मागे त्याला गाडीत बसवत नसेल, कशाला खपली काढा.

"तीन हफ़्ते से पानदान खोले बैठी हूँ," त्या म्हणाल्या, "कि अब माँगेगा।"

मी बाहेर गेलो, मित्राच्या हातातला कप काढून कबाडीच्या हातात दिला आणि त्याला दंडाला धरून आत आणलं. काय झालंय ते मी त्याला सांगितलं नाही. उघडी डबी समोर होती, त्याने ती पाहिली आणि त्याला कळलं. तेहेतीस वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली, पण शाळेत उभं केल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिला.

"अम्मी," तो म्हणाला, "उस दिन गाड़ी मैं ले गया था। वो चीज़ दे दीजिए।"

अम्मींनी डबी त्याच्या तळहातावर उपडी केली. मग एवढंच म्हणाल्या की पेरू खरंच चांगले होते.

रोटरला वेलदोड्याचा वास येत होता. मी टोपीखालचे करंटचे पॉइंट घासून साफ केले, रोटर दांडीवर बसवला, टोपी लावली. मित्राने हँडल मारलं. पहिल्याला खोकल्यासारखा आवाज, दुसऱ्याला धूर, आणि तिसऱ्याला गाडी अशी काही सुरू झाली की गॅरेजच्या छपरातली कबुतरं एकदम उडाली. सायलेन्सरमधून उंदरांचा उरलासुरला संसार बाहेर आला. कबाडी आणि त्याची दोन माणसं कशाला आली होती ते विसरून टाळ्या वाजवत होती. बायकोला बोलावणं पाठवलं, ती आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "छान हो, जमलं तुम्हाला."

दारातून बाहेर काढताना गाडी बंद पडली, तेव्हा कबाडीनेच ती ढकलून दिली. भंगार न्यायला आला होता बिचारा, गाडी ढकलून रिकाम्या हाताने गेला. जाताना अम्मींनी त्याला दोन पानं बांधून दिली.

आम्ही बख्शी का तालाबला गेलो, दुसरीकडे कुठे जाणार? मागे अम्मी आणि माझी बायको, पुढे आम्ही दोघे. मित्राने चौदा वर्षं फक्त स्कूटर चालवली होती, त्यामुळे तो वळणावर क्लचऐवजी हाताच्या मुठी आवळायचा. अलीगंजच्या अलीकडे त्याने डावीकडचा इशारा दिला, तेव्हा खांबातला हात बाहेर आला तो आत जाईचना. सीतापूर रस्त्यावर सगळा वेळ आम्ही डावीकडे वळतोय असं जगाला सांगत सरळ जात होतो आणि ट्रकवाले आमच्यासाठी थांबत होते. अम्मी आणि बायको मागे खो खो हसत होत्या. अम्मींना हसताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. हिवाळ्यातलं ऊन, मोहरीची पिवळी शेतं, आणि दर दहा मिनिटांनी मी उतरून रेडिएटरला हात लावून पाहायचो. पाणी उकळलं नाही. पेरू घेतले, आणि मित्राने ते मुद्दाम गाडी पुसायच्या फडक्यात बांधून अम्मींच्या मांडीवर ठेवले.

जिन्याचं काय केलं? जिना मागच्या बाजूने काढला. बहीण म्हणाली, मी कधी म्हटलं होतं की पुढूनच हवा, मला कुणी विचारलंच नाही. मी मित्राकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये लावल्यावर मित्राने टोपी उघडून रोटर काढला, रुमालाने पुसला आणि आत जाऊन पानदानातल्या त्याच डबीत ठेवला. मी म्हटलं, अरे, आता कशाला? आता तो तुझ्या खिशात ठेव.

"रहने दीजिए," तो म्हणाला. "हर इतवार माँगूँगा।"

पुढच्या रविवारी मी हँडल घेऊन गॅरेजमध्ये उभा होतो. अंगणातून त्याचा आवाज आला, चांगला मोठा, पार गल्लीत ऐकू जाईल असा. तो अम्मींकडे गाडी मागत होता.